कुलूप एका प्रतीला, लेखाला नव्हे

वर्तमानपत्रात एखादी बातमी येते: ‘शास्त्रज्ञांना नव्या संशोधनात असं आढळलं की...’ चौकस वाचकाला मूळ संशोधन बघावंसं वाटतं. तो इंटरनेटवर शोधाशोध करून जर्नलच्या पानावर पोचतो. तिथे शीर्षक असतं, लेखकांची नावं असतात, दहा-बारा ओळींचा सारांश असतो. त्याखाली लेख असायला हवा, तिथे मात्र किंमत असते: तीस-चाळीस डॉलर. सात-आठ पानांच्या एका लेखाला अडीच ते साडेतीन हजार रुपये! काही ठिकाणी तर एवढे पैसे मोजूनही लेख ठरावीक काळापुरताच वाचायला मिळतो.

मग शाळेतले शिक्षक असोत, आजाराबद्दल वाचू पाहणारे नातेवाईक असोत की एम.ए.ला बसलेला विद्यार्थी असो, सगळे एकच विचारतात: हे फुकट मिळत नाही का? आणि दबक्या आवाजात पुढचा प्रश्न: फुकट घेतलं तर ती चोरी तर होणार नाही ना?

बऱ्याचदा मिळतं, आणि तेही अगदी कायदेशीर मार्गाने. फक्त किंमत लावलेल्या पानावरून मागे फिरायचं नाही. पण ते कसं, हे कळण्याआधी ही किंमत मुळात कोण लावतं ते बघू.

१. पैसे कोणाला जातात?

कादंबरीच्या लेखकाला मानधन मिळतं, थोडं का होईना. शोधनिबंध लिहिणाऱ्याला जर्नलकडून एक पैसाही मिळत नाही. तो लेख पाठवतो, संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला देतात, ते चुका दाखवतात, लेखक सुधारणा करतो आणि मग लेख छापला जातो. तपासणाऱ्या जाणकारांनाही सहसा काही मिळत नाही. त्यांचे पगार विद्यापीठं आणि संशोधनसंस्था देतात, आणि त्यातला मोठा भाग करांतून येतो. एवढं सगळं झाल्यावर तोच लेख वाचण्यासाठी त्याच विद्यापीठाचं ग्रंथालय प्रकाशकाला वार्षिक वर्गणी भरतं.

गावाने डेअरीत दूध फुकट घालायचं, फॅट तपासायलाही गावातल्याच माणसांनी बिनपगारी बसायचं आणि संध्याकाळी तेच दूध पिशवीत भरून आलं की गावानेच विकत घ्यायचं, असा हा व्यवहार आहे. पिशवीचा आणि वाहतुकीचा खर्च असतो, हे मान्य. पण मोठ्या विज्ञान प्रकाशकांचा नफा तीस टक्क्यांच्या वर जातो, तेव्हा तो फक्त पिशवीचा खर्च उरत नाही.

सुरुवातीला हा व्यवहार रास्तच होता. १६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केलं, तेव्हा खिळे जुळवणं, कागद घेणं आणि अंक बोटीने परदेशी पाठवणं याला खरोखरच पैसे लागत. इंटरनेट आल्यावर एक प्रत पाठवायची काय आणि एक लाख काय, खर्च जवळपास सारखाच झाला. वर्गण्या मात्र वाढतच राहिल्या. या विसंगतीवर फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट इथून एक जाहीरनामा निघाला. ज्या संशोधनाचा मोबदला लेखक मागत नाही, ते वाचकाला विनामूल्य मिळायला हवं, अशी त्याची भूमिका होती. याला ‘ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणतात. आपण ‘मुक्त वाचन’ म्हणू.

जाहीरनाम्याने दोन वाटा सुचवल्या. लेखकाने आपल्या लेखाची एक प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवायची, ही पहिली. जर्नलनेच सगळ्यांना मोफत वाचू द्यायचं, ही दुसरी. दुसऱ्या वाटेवर अनेक व्यापारी प्रकाशकांनी वाचकाचा खर्च लेखकाच्या माथी मारला. ‘नेचर’ने २०२० मध्ये मुक्त वाचनासाठी लेखकाकडून एका लेखाला ९,५०० युरो घ्यायचं जाहीर केलं. हा आकडा भारतातल्या बहुतेक प्राध्यापकांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा आहे. ब्राझीलने मात्र १९९७ पासून सार्वजनिक पैशातून ‘सायेलो’ हा मोफत जर्नलांचा संग्रह उभा केला आणि पुढे लॅटिन अमेरिकेतले अनेक देश त्यात आले. म्हणजे तिसरीही तऱ्हा असू शकते. असो. आपल्याला, म्हणजे वाचकाला, सगळ्यात उपयोगी पडते ती पहिली वाट.

२. एक लेख, तीन प्रती

या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. एका शोधनिबंधाच्या सहसा तीन प्रती असतात.

पहिली प्रत लेखकाने जर्नलकडे पाठवण्याआधी किंवा पाठवताना स्वतः सार्वजनिक केलेली. तिला ‘प्रिप्रिंट’ म्हणतात. तिची तज्ज्ञांकडून तपासणी झालेली नसते. दुसरी प्रत तपासणीनंतर सुधारून जर्नलने स्वीकारलेली, पण अजून लेखकाच्याच फाइलमध्ये असलेली. हिला आपण ‘स्वीकृत प्रत’ म्हणू. हिच्यातला मजकूर जवळपास अंतिम असतो, नसतात ते फक्त जर्नलचे दोन रकाने, बोधचिन्ह आणि पानांचे आकडे. तिसरी प्रत जर्नलने मांडणी करून प्रसिद्ध केलेली.

ती तीस-चाळीस डॉलरची किंमत असते फक्त या तिसऱ्या प्रतीवर. लेखक प्रकाशकाशी करार करतो तेव्हा तिसऱ्या प्रतीचे हक्क बहुधा प्रकाशकाकडे जातात. पहिल्या दोन प्रती मात्र लेखकाने आपल्या संस्थेच्या संग्रहात ठेवायला अनेक प्रकाशक परवानगी देतात. कधी लगेच, कधी सहा महिने किंवा वर्षभर थांबण्याच्या अटीवर. ती मुदत संपली की लेख खुला होतो, पण जर्नलच्या पानावर त्याचा पत्ताही नसतो, कारण प्रकाशकाने ‘शेजारी फुकट मिळतं’ अशी पाटी लावावी अशी अपेक्षा आपण करू शकत नाही.

प्रिप्रिंटची सवय आधी भौतिकशास्त्रज्ञांना लागली. ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्ग यांनी एका संगणकावर सहकाऱ्यांच्या कच्च्या लेखांचा संग्रह सुरू केला. पुढे तो ‘आर्काइव्ह’ या नावाने कॉर्नेल विद्यापीठात गेला. त्यात वीस लाखांहून अधिक लेख आहेत आणि ते कुणालाही, खाते न उघडता, वाचता येतात. रशियन गणिती ग्रिगोरी पेरेलमान यांनी पॉइनकारेच्या अनुमानाची सिद्धता २००२-०३ मध्ये तीन लेखांत मांडली, ती फक्त याच संग्रहावर. जर्नलकडे त्यांनी ती पाठवलीच नाही. गणितातल्या शंभर वर्षांच्या कोड्याचं उत्तर पहिल्या दिवसापासून सगळ्या जगाला फुकट उपलब्ध होतं. भौतिकशास्त्र, गणित, खगोलशास्त्र किंवा संगणकशास्त्रातला लेख हवा असेल तर जर्नलच्या आधी इथेच बघावं. जीवशास्त्रासाठी २०१३ पासून ‘बायोआर्काइव्ह’ आणि वैद्यकासाठी २०१९ पासून ‘मेडआर्काइव्ह’ असे भाऊबंद आहेत.

३. लोणारचा पेपर शोधू या

आता प्रत्यक्ष करून बघू. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर उल्केच्या आघाताने झालं, हे आपण शाळेत शिकतो. ते कुणी, कशावरून सिद्ध केलं? तर १९७३ साली ‘सायन्स’ साप्ताहिकात ‘लोणार लेक, इंडिया: अ‍ॅन इम्पॅक्ट क्रेटर इन बेसॉल्ट’ हा तीन पानांचा लेख आला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम असे चार लेखक, दोन अमेरिकेतल्या संस्थांमधले आणि दोन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे.

हे इंग्रजी शीर्षक जसंच्या तसं अवतरणचिन्हांत घालून साध्या गूगलऐवजी ‘गूगल स्कॉलर’वर शोधा. ही शोधसेवा नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाली. ती उभी करणाऱ्या दोन अभियंत्यांपैकी एक, अनुराग आचार्य, आयआयटी खरगपूरचे. इथे पानभर जाहिराती आणि बातम्या येत नाहीत, मुख्यतः शोधनिबंध, प्रबंध, पुस्तकं येतात. सापडलेल्या लेखाच्या उजव्या बाजूला ‘पीडीएफ’ असं लिहिलेला दुवा दिसला तर काम झालं. दिसला नाही तर लेखाच्या खालची बारीक अक्षरांतली ओळ बघा. तिथे ‘ऑल व्हर्जन्स’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक लोक त्यावर बोट ठेवतच नाहीत, आणि पहिल्या-दुसऱ्या प्रती नेमक्या तिथेच पडलेल्या असतात: एखाद्या विद्यापीठाच्या संग्रहात किंवा लेखकाच्या स्वतःच्या पानावर.

१९७३ च्या लेखाला मात्र ही युक्ती फारशी लागू पडणार नाही, कारण तेव्हा प्रिप्रिंट टपालाने फिरत. अशा जुन्या लेखांसाठी ‘जेस्टोर’ हा संग्रह बघावा. तो १९९५ पासून जुनी जर्नलं स्कॅन करून ठेवतो आणि ‘सायन्स’चे जुने अंक त्यात आहेत. जेस्टोरवर कुणालाही वैयक्तिक खातं मोफत उघडता येतं आणि महिन्याला शंभरपर्यंत लेख पडद्यावर वाचता येतात. ही सवलत सगळ्या लेखांना नाही. ज्याला आहे त्याच्या पानावर तसं बटण दिसतं. उतरवून घेता येत नाही, पण वाचायला कुणाची ना नाही.

त्याच बारीक ओळीत ‘साइटेड बाय’ असं लिहून एक आकडा असतो. या लेखाचा आधार पुढे किती लेखांनी घेतला, तो हा आकडा. त्यावर गेलं की १९७३ नंतरचं लोणारचं सगळं संशोधन एकामागून एक समोर येतं, आणि मूळ लेखापेक्षा मला इथेच जास्त गंमत वाटते. विवराच्या वयाचंच बघा. आघातात वितळलेल्या काचेची एका पद्धतीने तपासणी करून १९९७ मध्ये वय सुमारे ५२ हजार वर्षं काढलं गेलं. पर्यटकांना सांगितला जातो तो हाच ‘पन्नास हजार’. पण ‘साइटेड बाय’च्या यादीत खाली जाता जाता २०११ चा, ‘जिऑलॉजी’ या जर्नलमधला लेख लागतो. त्यात आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून काढलेलं वय आहे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडेतिकडे. दहापटीहून जास्त फरक! एकच लेख मिळवून थांबलेल्या वाचकाच्या हातात अर्धीच गोष्ट राहते.

या २०११ च्या लेखासारखा अलीकडचा लेख बंद दिसला तर ‘अनपेवॉल’ उपयोगी पडतं. संगणकातल्या क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये बसवायची ही छोटी मोफत जोड आहे. बहुतेक लेखांना एक कायमचा क्रमांक असतो, त्याला डीओआय म्हणतात. तो नेहमी १० ने सुरू होतो, मग एक टिंब, काही आकडे आणि तिरकी रेघ. जर्नलचं संकेतस्थळ बदललं तरी हा क्रमांक बदलत नाही. तुम्ही किंमत लावलेलं पान उघडता, तेव्हा अनपेवॉल त्या क्रमांकावरून जगभरच्या संग्रहांत कायदेशीर प्रत आहे का ते पाहतं. असली तर पानाच्या कडेला उघड्या कुलपाचं हिरवं चिन्ह येतं. त्यावर टिचकी मारली की लेख हजर. नसली तर कुलूप करडं आणि बंद.

खगोल आणि उल्का या विषयांत आणखी एक सोय आहे. नासाच्या पैशावर चालणाऱ्या ‘अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टीम’वर लेखांची सूची तर आहेच, शिवाय या क्षेत्रातल्या अनेक जुन्या जर्नलांचे अंक स्कॅन करून मोफत ठेवले आहेत. आणि दर वर्षी अमेरिकेत भरणाऱ्या चंद्र आणि ग्रहविज्ञान परिषदेत वाचलेल्या निबंधांची दोन-दोन पानी टिपणं सगळ्यांना खुली असतात. लोणार बेसॉल्टमध्ये आहे आणि मंगळावरची विवरंही बेसॉल्टमध्येच, म्हणून मंगळवाल्यांना लोणारचं भारी प्रेम. या टिपणांत लोणार पुन्हा पुन्हा भेटतं.

शोधताना शब्द कोणता वापरायचा, यालाही महत्त्व आहे. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा बातम्यांत ‘गुलाबी सरोवर’ असे शब्द होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून कारण सांगितलं: खारटपणा वाढल्याने फोफावलेले, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव. त्यांना ‘हॅलोआर्किया’ म्हणतात. शोधपेटीत ‘पिंक लेक’ टाकलं तर सहलीचे फोटो येतील, ‘लोणार’ आणि ‘हॅलोआर्किया’ टाकलं तर पेपर येतील. नेमका शब्द माहीत नसेल तर आधी मराठी विश्वकोश उघडावा. तो इंटरनेटवर मोफत आहे आणि पारिभाषिक शब्द सापडायला चांगला उपयोगी पडतो.

४. औषधाचा लेख वेगळीकडे, इतिहासाचा वेगळीकडे

वैद्यकाच्या बाबतीत लोक एक घोटाळा हमखास करतात. ‘पबमेड’ आणि ‘पबमेड सेंट्रल’ ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. पबमेड ही सूची आहे, तिथे प्रामुख्याने सारांश मिळतात. पबमेड सेंट्रलमध्ये पूर्ण लेख असतात आणि ते सगळे वाचायला मोफत. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ते सुरू केलं. आपल्या पैशावर झालेलं संशोधन बारा महिन्यांच्या आत तिथे ठेवलंच पाहिजे, असा नियम या संस्थेने २००८ मध्ये केला आणि जुलै २०२५ पासून ती बारा महिन्यांची मुभाही काढून टाकली. म्हणजे घरात कुणाला मधुमेह आहे आणि एखाद्या औषधाची चाचणी कशी झाली ते वाचायचं आहे, तर पबमेडवर शोध घेऊन ‘फ्री फुल टेक्स्ट’ ही चौकट निवडावी. बंद लेख यादीतून गळतात. मात्र तिथे वाचलेल्या एका लेखावरून गोळी बंद करू नये, तो निर्णय डॉक्टरांचाच.

या बाबतीत मुंबईचं नाव आदराने घ्यायला हवं. परळच्या केईएम रुग्णालयाचं आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी ते इंटरनेटवर सगळ्यांना खुलं केलं, लेखकांकडून शुल्क न घेता. त्याच वाटेने जात मुंबईच्याच ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने वैद्यकीय संघटनांची अनेक जर्नलं मुक्त वाचनासाठी आणली. २०११ मध्ये ती संस्था वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. वैद्यकातल्या नीतीच्या प्रश्नांवरचं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ही मुंबईतूनच १९९३ पासून निघतं आणि मोफत वाचता येतं.

शाळा-कॉलेजच्या विज्ञान शिक्षकांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीकडे वळावं. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये ही संस्था स्थापन केली. तिचं ‘रेझोनन्स’ हे मासिक १९९६ पासून निघतं आणि सगळे अंक मोफत आहेत. शोधनिबंध वाचायची सवय नसेल तर सुरुवात इथून करावी, कारण ते विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेलं असतं.

इतिहास, संस्कृत, पुरातत्त्व या विषयांत पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ‘अ‍ॅनल्स’ आणि डेक्कन कॉलेजचं बुलेटिन जेस्टोरवर आहे. वर सांगितलेलं मोफत खातं इथेही बघता येईल. अर्थकारण आणि जुन्या महाराष्ट्राबद्दल वाचायचं असेल तर गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने स्कॅन करून खुली केलेली दुर्मीळ पुस्तकं आणि अहवाल आहेत. प्रतिमा कधी पुसट असतात, पण जी गोष्ट बघायला पूर्वी पुण्याला जाऊन अर्ज करावा लागे, ती आता चंद्रपुरात बसून बघता येते.

कुठलंही जर्नल मुळातच मोफत आहे का, हे बघायला २००३ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झालेली ‘डीओएजे’ ही यादी आहे. चाळणी लावून घेतलेली वीस हजारांहून अधिक मुक्त जर्नलं तिच्यात आहेत.

५. शोधगंगा

लेख सापडत नसेल तर प्रबंध सापडतो का बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय स्वरूपात जमा करायचा नियम केला आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ उभी केली. देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध तिथे आहेत, मराठीत लिहिलेलेही. खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत. प्रबंध प्रकरणवार तोडून ठेवलेले असतात. प्रस्तावना एक फाइल, पहिलं प्रकरण दुसरी, असं. हे जरा कटकटीचं आहे, पण त्याचा एक फायदाही आहे. पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण तेवढं उघडावं. त्या विषयावर कुणी, केव्हा, काय लिहिलं याची आयती यादी मिळते. प्रबंधांचा दर्जा सारखा नसतो, हेही खरं. काही वाचून थक्क व्हायला होतं, काही वाचून वेगळ्या अर्थाने. पण लोणारच्या जलचरांपासून ते दलित आत्मकथनांपर्यंत ज्या विषयांवर आंतरराष्ट्रीय जर्नलांत फारसं येत नाही, त्यांच्यासाठी याहून मोठा मोफत साठा दुसरा नाही.

६. सरकारने भरलेली वर्गणी

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन तीस मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं सरकारने घेतली आहेत. ती ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना उघडली जातात आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांना लाभ मिळावा अशी अपेक्षा आहे.

योजनेच्या नावात ‘नेशन’ असलं तरी तुम्ही-आम्ही, म्हणजे घरी बसलेला करदाता, त्यात येत नाही. संस्थेचं लॉगिन लागतं. पण तुमचं कॉलेज किंवा तुमच्या मुलीचं विद्यापीठ केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखाली असेल, तर तीस डॉलरचा तोच लेख तिथे आधीच भरलेल्या पैशात मिळतो. कित्येक विद्यार्थ्यांना हे माहीतच नसतं. म्हणून ग्रंथपालांना जाऊन विचारावं, ‘सर, आपलं कॉलेज यात आहे का? लॉगिन कसं मिळेल?’ पुस्तकं देण्या-घेण्यापलीकडचा प्रश्न विचारला की ग्रंथपाल मनापासून मदत करतात, असा माझा अनुभव आहे. विद्यार्थी नसलेल्यांनाही काही विद्यापीठांची ग्रंथालयं अर्ज आणि थोडं शुल्क घेऊन आत बसून वाचायची मुभा देतात. जवळच्या विद्यापीठात विचारून बघायला काय जातं?

७. सरळ लेखकालाच लिहा

हा सगळ्यात जुना उपाय, आणि लोक सगळ्यात जास्त बुजतात तो यालाच. एवढा मोठा शास्त्रज्ञ, तो मला कशाला उत्तर देईल? पण आठवा, लेखकाला विक्रीतून काहीच मिळत नाही. कुणीतरी आपला लेख वाचतोय याचाच त्याला आनंद. मागणाऱ्याला एक प्रत वैयक्तिक वापरासाठी पाठवायला बहुतेक प्रकाशकांची हरकत नसते. बंद लेखाच्या पानावरही पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या लेखकाचा ईमेल बहुधा उघड असतो. तो जुना झाला असेल तर त्यांच्या संस्थेच्या पानावर आत्ताचा मिळतो.

पत्र लांबवू नये. ‘नमस्कार. मी अमुक गावात शिक्षक आहे. आपला अमुक वर्षीचा, अमुक शीर्षकाचा लेख मला विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वाचायचा आहे. आमच्याकडे या जर्नलची वर्गणी नाही. आपण त्याची प्रत किंवा स्वीकृत हस्तलिखित पाठवू शकाल का? आभारी आहे.’ एवढंच, परदेशी लेखक असेल तर साध्या इंग्रजीत. एकाच वेळी दहा लेख मागू नयेत आणि ‘या विषयावरची सगळी माहिती पाठवा’ असं तर मुळीच लिहू नये. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर दुसऱ्या लेखकाला लिहावं.

८. आणि ती दुसरी साइट?

विद्यापीठांच्या वसतिगृहांत ‘सायहब’ हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये ती सुरू केली आणि कोट्यवधी बंद लेख परवानगीशिवाय खुले केले. एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध दावा लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती भारतात बंद करण्याचा आदेश दिला. प्रकाशकांच्या किमतींबद्दलचा तिचा राग मला समजतो. पण कायद्याने ती वाट बंद आहे, आणि वरच्या वाटा नीट चालून बघितल्या तर तिच्यावाचून फार अडत नाही.

९. सापडलं, पण भरवशाचं आहे का?

फुकट मिळालं म्हणून ते कमी प्रतीचं असतं असं नाही, आणि चांगलं असतं असंही नाही. तीन गोष्टी बघाव्यात.

हाती आलेली प्रत कोणती? प्रिप्रिंट असेल तर पुढे छापील लेख आला का, आणि निष्कर्ष बदलला का? करोनाच्या काळात न तपासलेल्या प्रिप्रिंटवरून सरळ बातम्या झाल्या, हे आपण पाहिलंच.

लेख मागे घेतला गेलाय का? नावाजलेल्या जर्नलांतही हे घडतं. करोनाच्याच काळात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधाबद्दलचा ‘लॅन्सेट’मधला लेख २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, कारण त्यामागची रुग्णांची आकडेवारी पडताळताच येईना. पण कुठल्यातरी संग्रहात त्याची जुनी प्रत सापडू शकते, तिच्यावर शिक्का नसतो. म्हणून डीओआय क्रमांकाने जर्नलचं मूळ पान एकदा उघडून बघावंच. मागे घेतला असेल तर तिथे ठळक लिहिलेलं असतं.

आणि जर्नल खरं आहे का? लेखकाकडून पैसे घेऊन, तपासणी न करता काहीही छापणारी जर्नलं मुक्त वाचनाच्या नावाखाली बोकाळली आहेत, आणि त्यांत भारतातल्यांची संख्या लाजिरवाणी आहे. अनुदान आयोगाच्या जुन्या मान्यताप्राप्त यादीतही असली जर्नलं शिरली होती. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ते उघड केलं. त्यानंतर २०१९ मध्ये त्याच विद्यापीठाच्या मदतीने ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. आता पारख ज्याची त्याने करायची. ‘चार दिवसांत प्रसिद्धी’ अशी जाहिरात, संपादक मंडळात नुसती नावं आणि पत्ता कुठेच नाही, विषय आयुर्वेदापासून रॉकेटपर्यंत सगळेच, असं दिसलं तर ते जर्नल सोडून द्यावं.

शेवटी एक विनंती, वाचकांपैकी जे प्राध्यापक किंवा संशोधक आहेत त्यांना. तुमच्या संगणकात तुमच्या लेखांच्या स्वीकृत प्रती पडून आहेत. जर्नलची अट एकदा वाचा, मुदत संपली असेल तर त्या आपल्या संस्थेच्या संग्रहात चढवा. संस्थेला संग्रह नसेल तर ग्रंथपालांकडे तो मागा. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या केंद्रीय विभागांचं २०१४ चं धोरणही तुमच्याकडून हेच मागतं. एका लेखाला दहा मिनिटं लागतात.